मजालेंग्काच्या सुलास्त्रीबाई

व्हिडिओ अवघा एकोणीस सेकंदांचा होता, आणि होता मांजराच्या पिल्लाचा. सुमेदांगहून भाची रिस्कानं घरच्या ग्रुपवर टाकलेला. पिल्लू पलंगावरून उडी मारतं, घसरतं, उघड्या कपाटात शिरतं, एका गठ्ठ्यावर चढून बसतं आणि जांभई देतं. मागून रिस्काचं हसणं. युयुन तेव्हा पुढच्या खोलीत फरशीवर बसून एका झग्याची उंची मोजत होती. तीही हसली, ग्रुपवर एक हसरं तोंड पाठवलं आणि फोन खाली ठेवला. टेप पुन्हा गळ्यापाशी लावताना तिचा हात थांबला. तिनं व्हिडिओ परत लावला, पिल्लू कपाटात शिरताच थांबवला, दोन बोटांनी मोठा केला. पिल्लू चढलं होतं तो कपड्यांचा गठ्ठा नव्हता. एकावर एक नीट रचलेली पार्सलं होती. बदामी कागद, त्यावर जांभळ्या शाईच्या रेघा, कुठं बाहीचा गोल, कुठं कॉलरचं टोक, मापाचे आकडे. असा कागद तिच्या घराशिवाय कुठं असायचं कारण नव्हतं. रांचाएकेकचा कपड्यांचा कारखाना बंद पडला त्या दिवशी कुणी कात्र्या नेल्या, कुणी खुर्च्या नेल्या; तिनं कटिंगच्या टेबलाखालून कागदाची अर्धी गुंडाळी उचलली होती, आणि सव्वा वर्ष ती त्याच कागदात लोकांना कपडे बांधून पाठवत होती. कपाटातल्या एकाही पार्सलाची चिकटपट्टी फाटलेली नव्हती.

तिला आधी अगदीच साधा विचार आला, की तेतेहनं, म्हणजे रिस्काच्या आईनं, थोरल्या बहिणीनं इमासनं, आपल्याकडून काही मागवलं होतं का? नव्हतं मागवलं. इमासला तर ह्या धंद्याचं नावही आवडत नव्हतं. "जुने कपडे विकतेस? गल्लीतले लोक काय म्हणतील?" असं ती एकदा म्हणाली होती, आणि नंतर तो विषयच तिनं काढला नव्हता. मग एवढी पार्सलं एकाच घरी कशी? एवढी पार्सलं युयुननं आयुष्यात एकाच पत्त्यावर पाठवली होती. सुलास्त्री, आरोग्य कार्यालयाचं कँटीन, मजालेंग्का. इमास त्याच खात्यात होती, आठवड्यातून दोनदा तिची मजालेंग्काला फेरी असायची. हे युयुनला ठाऊक होतं. सुरुवातीला एकदा तिच्या मनात आलंही होतं, की विचारावं, तेतेह, तुमच्या कँटीनमध्ये सुलास्त्री म्हणून कुणी आहे का. पण विचारलं नाही, कारण सुलास्त्रीबाई तिच्या एकटीच्या होत्या आणि त्या तशाच राहाव्यात असं तिला वाटत होतं. आता ती फरशीवर बसून होती आणि टेप मांडीवर गोळा झाली होती.

एकोणीस वर्षं तिनं कपड्यातले दोष शोधले होते. समोरून सदरे सरकत यायचे, तिनं उलटे करायचे, टीप सुटली आहे का, काजाला दोरा राहिला आहे का बघायचं आणि दोष दिसला की लाल चिठ्ठी लावायची. कारखाना गेल्यावर हात रिकामे झाले, आणि तिनं स्वतःचं कपाट उपसलं. खिडकीच्या गजांना हँगर अडकवून फोटो काढले, मोबाइलवर विकायला टाकले आणि सवयीनं दोष आधी लिहिले: डाव्या बाहीच्या आत शाईचा ठिपका, मुगाएवढा. दुसरं बटण बदललेलं. लोकांना ते आवडलं. बाई खोटं बोलत नाही म्हणायचे. कपाटात निम्मे कपडे इमासनं दिलेले होते. दर ईदला एक. सगळे इमासला शोभणारे, गडद, भारदस्त, कार्यालयात घालण्यासारखे. युयुनच्या अंगावर ते मागून आणल्यासारखे दिसायचे. पहिल्यांदा विकायला काढला तो त्यातलाच, तपकिरी, रेशमी अस्तराचा. त्याला पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते सुलास्त्रीबाई. 'एवढा चांगला कपडा का विकता?' त्यांनी विचारलं होतं. युयुननं लिहिलं, 'बहिणीनं दिलाय. तिला वाटतं मी तिच्यासारखी दिसावं. मला जमत नाही.' पलीकडून आलं, 'मी घेते.'

तिथून सुरू झालं. दुपारची नमाज झाली, नवरा तातांग जेवून आडवा झाला, की ती दारातल्या पायरीवर बसायची आणि फोनवर मेसेज वाजायचा. आधी माप विचारून व्हायचं, गळा विचारून व्हायचा, आणि मग सुलास्त्रीबाई हळूच लिहायच्या, ह्याचं काय झालं होतं? प्रत्येक कपड्याचं काहीतरी झालेलंच असतं. पिवळा सदरा घालून ती तातांगला पहिल्यांदा भेटली होती आणि त्यानं तिला भलत्याच नावानं हाक मारली होती. जांभळा झगा तिनं मूल राहील म्हणून शिवून घेतला होता, पोटाशी चुण्या सोडून. मूल राहिलं नाही, चुण्या तशाच राहिल्या. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. तातांग चांगला माणूस, पण त्याला काही सांगायला गेलं की तो लगेच उपाय सांगायचा. सुलास्त्रीबाई उपाय सांगत नव्हत्या. त्या विचारायच्या, 'मग?' आणि स्वतःचंही सांगायच्या. नवरा गेलेला, दोन मुलगे बाताम बेटावर, थोरला बरा, धाकट्याला नोकरी टिकत नाही. पाठ दुखते, सकाळी वाकवत नाही. युयुननं त्यांना आल्याचा लेप सांगितला होता. धाकट्याला जहाजाच्या गोदीत काम लागावं म्हणून नमाजेनंतर हात उघडून दुवा मागितली होती, एकदा नाही, कितीदा तरी. काम लागलं तेव्हा तिनं गल्लीत चार घरी केळ्यांची भजी वाटली, आणि कशाची म्हणून विचारलं तर म्हणाली, एका मैत्रिणीच्या मुलाची.

ते आठवलं आणि तिला भजीचीच लाज वाटली. बाकी सगळं नंतर. आधी ती भजी, ताटलीवर झाकलेला रुमाल, आणि आपण कसं मिरवत दारोदार गेलो ते. ती मैत्रीण नव्हतीच. तिचं पाठीवर हात ठेवून वाकणं नव्हतं, तो मुलगा नव्हता, मजालेंग्कातलं ते दुपारचं रिकामं कँटीन नव्हतं. माणूस मेलं की निदान मयत असते, चार लोक येतात. इथं बाई मेल्या आणि त्या कधी नव्हत्याच असंही झालं. आणि त्यांच्या जागी तेतेह बसली होती, चष्मा नाकावर ओढून, तेच वाचत. जांभळा झगा वाचत. 'तिला वाटतं मी तिच्यासारखी दिसावं' वाचत. युयुनच्या कानाच्या पाळ्या तापल्यासारख्या झाल्या. लहानपणी न्हाणीघराचं दार कुणी बाहेरून उघडलं की व्हायच्या तशा. आणि मग, सगळ्यांत शेवटी, तिला फेब्रुवारी आठवला, आणि ती भिंतीला टेकली.

फेब्रुवारीत तिनं राखाडी जाकीट विकायला काढलं होतं. सुलास्त्रीबाईंनी विचारलं, 'हे तर वापरलेलंच दिसत नाही.' तिनं लिहिलं, 'एकदाच घातलंय. आई गेली त्या दिवशी.' 'मग?' आलं. आणि त्या दुपारी, पायरीवर, तिनं सगळं लिहून टाकलं. एमा, म्हणजे दोघी बहिणींची आई, अर्धं अंग गेल्यावर चार वर्षं तिच्याकडे होती, ह्याच पुढच्या खोलीत. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं सगळं युयुननं केलं, कारखान्याची पाळी सांभाळून. इमास रविवारी यायची, संत्री घेऊन. आणि एमाचा अर्धा चेहरा, जो हलत होता तो, रविवारी उजळायचा. आठवडाभर 'पाणी', 'नको', 'दुखतं', एवढंच बोलणारी एमा इमासला शेजारणीची भांडणं सांगायची. शेवटच्या दिवशी, बुधवारी, पहाटेच युयुनला एमाच्या श्वासावरून कळलं. एमा म्हणाली, इमास. फोन हातात होता. सुमेदांगहून यायला दोन तास लागतात. तिनं फोन केला नाही. तातांग गाडी घेऊन गेलेला, घरात दोघीच. तिला वाटलं, एकदाच, शेवटचं तरी, ही माझ्या एकटीची असू दे. साडेअकराला एमा गेली. बाराला तिनं बहिणीला फोन केला आणि सांगितलं, अचानक झालं. इमास तीन वाजता आली आणि उंबऱ्यातच, सगळ्या गल्लीदेखत ओरडली, "इतक्या जवळ असून मला कळवलं नाहीस?" युयुननं मान खाली घातली. सहा वर्षं ती खालीच होती. 'चूक माझी एकटीची,' असं तिनं सुलास्त्रीबाईंना लिहिलं, 'मी बहिणीची आई चोरली.' त्या दिवशी उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी आलं, 'जाकीट पाठवा. आणि निळ्या अंगरख्याचा गळा फार मोठा आहे का?' ते वाचून युयुन रडली होती. तिला वाटलं होतं, ह्या बाईनं सगळं ऐकलं आणि तरी तिला निळा अंगरखा हवा आहे. म्हणजे मी अजून विकत घेण्यासारखी आहे.

आणि मग ईद आली होती. सुमेदांगला, इमासच्या बैठकीत, दरवर्षीसारखी ती गुडघ्यांवर बसली, थोरल्या बहिणीचा हात दोन्ही हातांत धरून कपाळाला लावला आणि म्हणाली, "तेतेह, आतलंबाहेरलं सगळं माफ कर." हे सगळेच म्हणतात. इमासनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "मलाही गं." तो हात नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ राहिला होता. युयुनला तेव्हा बरं वाटलं होतं. आता तिला त्या हाताचं वजन परत जाणवलं आणि ते माफीचं होतं की आणखी कशाचं, ते कळेना.

तिनं झग्याची घडी केली, रुमाल डोक्याला बांधला. आतून तातांगनं विचारलं, "कुठं?"

"तेतेहकडे जाऊन येते."

"आत्ता? काही झालंय का?"

"मांजर आणलंय त्यांनी. बघून येते."

"मांजर बघायला सुमेदांग?" तो उठून बसला, दुखरा गुडघा चोळत. "गल्लीत काय कमी आहेत?" पण तिचा चेहरा बघून त्यानं विषय सोडला. नुसतं म्हणाला, "चप्पल बदल. तिची पट्टी तुटलीय."

चिलेउन्यीच्या नाक्यावर तिला छोटी बस मिळाली. शेजारची बाई मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती, कोंबडीचे पाय बांधलेले, आणि घाटातल्या प्रत्येक वळणाला कोंबडी युयुनच्या कोपराला लागत होती. ती काय बोलायचं ते ठरवत होती आणि दर वेळी तिला वाटायचं, हे दुपारी सुलास्त्रीबाईंना विचारून घ्यावं. आणि दर वेळी तिला नव्यानं आठवायचं. कारखान्यात सोबतीण नूर म्हणायची, दोष शोधायचा तर कपडा उलटा कर, सुलट बाजू सगळे शिवतात. तिनं सव्वा वर्ष मागं जाऊन एकेक ओळ उलटी केली. 'तुमची बहीण वाईट आहे का?' हे बाईंनी एकदा विचारलं होतं. 'नाही,' तिनं लिहिलं होतं, 'ती चांगली आहे, म्हणून तर.' 'मग तिला हे का सांगत नाही?' 'तिच्यासमोर मला बोलता येत नाही. ती ऐकता ऐकता खोली आवरते.' ह्या सगळ्या ठिकाणी टीप उसवलेली होती. ती अंगठा फिरवत गेली होती, आणि तिला एकदाही लागली नव्हती.

दार इमासनंच उघडलं. घरातला साधा गाऊन, केस मोकळे, हाताला पीठ. "अगं बाई, तू? न कळवता?" म्हणाली, आणि मग युयुनच्या चेहऱ्यावरून तिची नजर सरकत हातातल्या फोनवर गेली. फोनवर पिल्लू जांभई देत थांबलेलं होतं. इमासनं हात गाऊनला पुसले. एकदा मागं वळून बेडरूमच्या दाराकडे पाहिलं. "रिस्का शिकवणीला गेलीय," ती म्हणाली, जणू तेच विचारलं होतं. "आत ये."

दोघी स्वयंपाकघरात बसल्या. कढईत टोफू तळायचा राहिला होता, तेल तापत होतं; इमासनं गॅस बंद केला. तिनं आवराआवर केली नाही. हात मांडीत घेऊन बसली, आणि युयुनच्या लक्षात आलं की ही अशी बसलेली आपण कधी पाहिलीच नाही.

"मुलगे खरे आहेत का?" युयुननं विचारलं. हे विचारायचं ठरवलं नव्हतं.

"खरे आहेत. कँटीनवालीचे. पार्सलं तीच घ्यायची माझ्यासाठी." इमास थांबली. "गोदीत लागला तो. खरंच लागला. पाठ माझी."

"आल्याचा लेप?"

"लावते. उतार पडला."

युयुनला हसू आलं असतं, दुसरा कुठला दिवस असता तर. "का केलंस गं?"

"तो तपकिरी कपडा. मी तीन दुकानं फिरले होते तुझ्यासाठी. रिस्कानं दाखवला मोबाइलवर, ही मावशीची खिडकी ना म्हणून. मला राग आला. म्हटलं, विचारावं तरी का विकतेय, पण माझ्या नावानं विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, घट्ट होतो. म्हणून कँटीनवालीचं नाव दिलं. आणि तू खरं सांगितलंस." ती टेबलावरचं पीठ बोटानं एका ठिकाणी ओढू लागली. "पहिले दोन-तीन मी तुला मदत म्हणून घेतले. ते खरं आहे. पुढचे नाही. पुढचे तू बोलावंस म्हणून घेतले. मला तू कधी सांगितलंस जांभळ्या झग्याचं? 'जेवलीस का तेतेह', 'येते तेतेह'. बस."

"तू कधी विचारलंस?"

"नाही विचारलं."

बाहेर कुणाची तरी मोटारसायकल चालू होईना. किकवर किक बसत होती. शेवटी ती चालू झाली.

"फेब्रुवारीत," युयुन म्हणाली, "मी एमाचं लिहिलं. तू तीन दिवस गप्प होतीस. मी ते समजू शकते. तू ओरडायला हवं होतंस, येऊन चार माणसांत माझा अपमान करायला हवा होता. तू निळा अंगरखा मागितलास. आणि ईदला माझ्या डोक्यावर हात ठेवलास. माफ केलंस की मजा बघितलीस, तेवढं सांग. मी जाते."

इमासनं चष्मा काढला. चष्म्याविना ती एमासारखी दिसायची, हे युयुन विसरली होती. "माफ करायला माझ्याकडे काही नव्हतं," ती म्हणाली. "तुझ्या समोरच्या घरातल्या ओनाहमावशीनं मला फोन केला होता. त्याच सकाळी. सात वाजता. म्हणाली, तुमच्या आईचा श्वास बरा नाही, खिडकीतून ऐकू येतोय, या."

युयुननं हातातला फोन टेबलावर उलटा ठेवला.

"त्या दिवशी प्रांताचे साहेब येणार होते. मी सहा महिने तयारी केली होती. म्हटलं, खरंच तसं असतं तर युयुननं कळवलं असतं. फोन समोर ठेवून बसले. नऊ वाजले, दहा वाजले. तू केला नाहीस, आणि मला बरं वाटत गेलं. तू करू नयेस असं वाटत होतं. बाराला आला."

"आणि तू येऊन मला ओरडलीस."

"हो."

"गल्लीदेखत."

"हो."

"सहा वर्षं राहू दे. फेब्रुवारीत. मी लिहिलं, चूक माझी एकटीची. एका ओळीत सांगता आलं असतं तुला. सुलास्त्रीच्या नावानं सांगायचं होतंस! म्हणायचं होतंस, कदाचित तुमच्या बहिणीला ठाऊक असेल."

"आलं असतं सांगता," इमास म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पण तू सगळी चूक अंगावर घेतली होतीस. स्वतःहून. मी ते वाचलं आणि त्या रात्री मला झोप लागली, युयुन. सहा वर्षांत पहिल्यांदा नीट लागली. मग मला ते परत करवेना."

युयुनला वाटलं होतं राग येईल, काहीतरी फेकावंसं वाटेल. तसं काही झालं नाही. तिला फक्त आपले हात फार जड वाटले आणि समोरची बाई फार लांब. चोरली म्हणून जी आई ती सहा वर्षं छातीशी धरून, लपवून, लाजत बसली होती, ती तर त्या सकाळी टेबलावर तशीच ठेवून दिलेली होती. मालकिणीनं नेली नव्हती, एवढंच. आणि हे मालकिणीला ठाऊक होतं, रोज दुपारी, 'मग?' असं विचारताना.

"एक विचारू?" इमास म्हणाली. "तू लिहिलं होतंस, एमानं माझं नाव घेतलं. एकदाच?"

हे एक युयुननं सुलास्त्रीबाईंनाही सांगितलं नव्हतं. लिहायला घेतलं होतं आणि पुसलं होतं. ते अजून तिचं होतं. नाही म्हटलं असतं तर तिचंच राहिलं असतं. पण सव्वा वर्षाची सवय, कुणीतरी विचारलं की सांगायचं; तिचं तोंड उघडलंच.

"नाही. सारखं घेत होती. नऊच्या सुमाराला तिला दिसेनासं झालं. माझा हात धरला आणि म्हणाली, इमास, आलीस? मी म्हटलं, आले, एमा."

इमासनं खुर्ची जवळ ओढली.

"हात सोडला नाही तिनं. मग विचारलं, युयुन कुठं आहे? मी म्हटलं, बाहेर गेलीय, येईल. म्हणाली, तिला सांग, जरा नीज म्हणावं. रात्र रात्र बसते पोरगी, मला कळतं, मी बोलत नाही. तुझं ऐकेल ती, तू सांग. मी म्हटलं, सांगते."

तेल थंड होऊन त्यावर साय धरल्यासारखं दिसत होतं. युयुन थांबली. तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं ती कशासाठी थांबली आहे; पण एमानं एक निरोप दिला होता, तो इमासच्या तोंडून यायचा होता, आणि आता इमाससमोर ती बसली होती. चार शब्दांचं काम होतं.

इमासनं चेहरा वर केला. गालांवरून पाणी वाहत होतं, आणि त्या पाण्याखाली तो चेहरा हळूहळू सुटत, मोकळा होत होता, जत्रेत हरवलेलं पोर सापडल्यासारखा. "म्हणजे तिला वाटलं मी आले," ती म्हणाली. "युयुन, म्हणजे मी होते तिच्याजवळ. तिच्या लेखी मी होते."

"होतीस," युयुन म्हणाली.

ती उठली, दारातल्या चपला घातल्या. मागून इमासचा आवाज आला, ओला, हलका, कितीतरी वर्षांनी थोरल्या बहिणीसारखा, "अगं थांब, जेवून जा, टोफू आत्ता तळते, तातांगला बांधून देते." युयुननं मागं पाहिलं नाही. मोठ्या रस्त्यावर ऊन पांढरंफटक पडलं होतं. पहिली जी गाडी समोर थांबली तिच्यात ती चढली. ती बांडुंगकडे, घराच्या दिशेनं, जाते की उलटी, हे तिनं विचारलंसुद्धा नाही. खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटायच्या आधीच तिचं डोकं काचेला टेकलं आणि तिला झोप लागली.